तहान न लागलेला दिवस

१

आधी एक छोटा आरसा हातात घ्या. जवळ नसला तर मनातल्या मनात घ्या, तोही चालेल. आता तोंड अगदी जवळ नेऊन त्याच्यावर एक लांब श्वास सोडा. हाऽऽ. आरसा धुरकट झाला ना? बोट फिरवून बघा, ओलं लागेल. प्रत्येक श्वासाबरोबर आपण असं थोडंथोडं पाणी हवेत सोडत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता अशी कल्पना करा, की एवढ्याशा ओलीमुळे एखादं घर पेटू शकतं.

हसू नका. गावाबाहेर एक लांबलचक पांढरा कारखाना होता. तिथे लिथियमचे सेल बनायचे, बसच्या बॅटरीत बसवायचे. पातळ पत्रे, त्यांवर काळ्या भुकटीचा लेप, मध्ये तलम पडदा आणि हे सगळं बंद केलेलं एका चंदेरी पाकिटात. पाकीट पाठ्यपुस्तकाएवढं. इतकी वर्षं असे सेल परदेशातून जहाजाने यायचे. ते आपल्याकडेच, तितकेच चांगले आणि तितक्याच स्वस्तात बनवायचे, या हट्टाने इथली माणसं झटत होती. पण पाकीट बंद करताना आत जराशी जरी ओल राहिली, तरी सेल बिघडतो. आत वायू धरतो, उशीसारखा फुगतो. मग एखाद्या दिवशी तापतो.

म्हणून कारखान्याच्या पोटात एक कोरडी खोली होती. तिला दोन दारं. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही. दाराशी आठ खुंट्या, त्यांवर आठ पांढरे झगे. नववा झगा नाहीच. कारण आठ माणसांचा श्वास आणि घाम सुकवायचा, एवढीच तिथल्या यंत्राची ताकद होती. आत पाण्याची बाटली न्यायला बंदी, ओला रुमाल न्यायलाही बंदी. दिवसभर तिथे काम केलं की ओठ फुटायचे आणि जीभ टाळूला चिकटायची.

मुंगीची आई तिथेच कामाला होती. संध्याकाळी ती घरी आली की पायातलं काढायच्याही आधी हात पुढे करायची. मुंगी पाण्याने भरलेला पेला तिच्या हातात द्यायची. आधी पाणी, मग गप्पा, हा त्यांच्या घरचा नियमच झाला होता.

मुंगी नऊ वर्षांची. खरं नाव वेगळं, पण स्वतःपेक्षा मोठं ओझं उचलून चालायची सवय, म्हणून सगळे मुंगी म्हणायचे. ओझं म्हणजे बहुतेक वेळा तिचा धाकटा भाऊ. तो शर्टाची बटणं चघळायचा, म्हणून तो बटण.

२

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. त्यामुळे मुंगीही बटणबरोबर कारखान्याच्या पाळणाघरात आली होती. हवा गार होती, आभाळ भरून आलेलं. मुलांनी अजून स्वेटर काढले नव्हते.

एवढ्यात दारात कारखान्याचे मोठे साहेब येऊन उभे राहिले. ते इकडे कधीच फिरकायचे नाहीत. त्यांना बघून पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशी गडबडून उठल्या.

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "एवढंच सांगायला आलो, मागच्या वाळूच्या हौदात मुंग्या झाल्यात. चावऱ्या आहेत. आज मुलांना वाळूत सोडू नका."

"एक मुंगी तर इथंच बसलीय!" एक मुलगा ओरडला. "साहेब, ही पण चावते!"

सगळी पोरं खिदळली. साहेब हसले नाहीत. खिशातून रुमाल काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि निघून गेले.

मुंगीने त्या मुलाला जीभ दाखवली आणि खिडकीशी गेली. हौद मागच्या भिंतीच्या सावलीत होता. पाळणाघराची आळशी मांजर वाळूच्या मधोमध अंगाचं वेटोळं करून झोपली होती. रोज ती उपाहारगृहाच्या गरम पाण्याच्या जाड नळावर लोळत पडायची.

"मावशी, मांजर बघा. आज नळ सोडून वाळूत झोपलीय."

"झोपू दे गं बाई. तिला तरी कुठे कामधंदा आहे?"

आणि तेवढ्यात धोक्याची घंटा वाजली.

३

तयार सेल लगेच विकत नाहीत. त्यांना काही दिवस एका खोलीत नुसतं ठेवतात आणि नजर ठेवतात. कोणी फुगतोय का, कोणी रुसतोय का. कारखान्यातले लोक तिला मुक्कामाची खोली म्हणत. सेल तपासणारे भिंगकाका सकाळी तिथे गेले, तर खालच्या फळीवरचा एक ट्रे गायब होता. पूर्ण ट्रे. जमिनीवर एकच सेल पडला होता, टम्म फुगलेला, आणि खोलीत गोडसर, डोक्यात जाणारा वास भरला होता.

अग्निशमन दलाची गाडी आली. तिच्यातून एक ठेंगण्या बाई उतरल्या. मुलं त्यांना बंबबाई म्हणायची. दरवर्षी शाळेत येऊन त्या आगीपासून कसं वाचायचं ते शिकवायच्या. त्यांनी लांब चिमट्याने तो सेल उचलून लोखंडी पेटीत ठेवला, पेटी मोकळ्या मैदानात नेऊन ठेवायला सांगितली आणि मग बोलल्या.

"एक फुगलाय म्हणजे सोबतचे सगळे फुगले असणार. दबले, टोचले, भिजले की पेट घेतील. मला चोर नंतर सापडला तरी चालेल. ट्रे आत्ता पाहिजे."

मुक्कामाच्या खोलीची किल्ली चौघांकडेच होती. बंबबाईंनी चौघांना उपाहारगृहात बसवलं. भिंगकाका, यंत्रं दुरुस्त करणारे पानाकाका, मोठे साहेब आणि मुंगीची आई. बाकीची माणसं कारखानाभर ट्रे शोधायला पांगली.

पाळणाघर आणि उपाहारगृह यांच्यामध्ये एक दार होतं. मुंगीने ते हळूच ढकललं, आत शिरली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली. आईचा हात बर्फासारखा गार होता.

४

"ट्रे कोणाच्या हातचा होता?" बंबबाईंनी विचारलं.

"माझ्या," आई म्हणाली. "परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पाकिटं मीच बंद केली."

"परवा नवीन काही घडलं?"

"नाही हो. सुट्टीत आम्ही सगळे बाहेर होतो. परत आलो, कामाला लागलो."

पानाकाका खुर्चीत चुळबुळले. त्यांच्या कमरेला पाना लटकलेला असायचा, तो खुर्चीवर खणकन वाजला.

"तुम्ही म्हणे नोकरी सोडताय?" बंबबाई त्यांच्याकडे वळल्या. "परदेशी सेल विकणाऱ्यांकडे चाललाय?"

"बोलावणं आलंय. गेलो नाही अजून," पानाकाका गुरगुरले. "आणि मला चोरायचेच असते, तर धड सेल चोरले असते. फुगलेले घेऊन काय उशाला ठेवू?"

"याच्या तोंडाला लागू नका, बाई," भिंगकाका म्हणाले. "हा असाच वाकडा बोलतो. सरळ बोलायचा पाना याच्याकडे नाही."

"आणि हे!" पानाकाका उसळले. "भिंग लावूनही अख्खा ट्रे दिसत नाही यांना!"

"पुरे!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "दुपारी बस कंपनीचे लोक येतायत. आज त्यांचा निर्णय आहे. पुढची पाच वर्षं सेल आपल्याकडून घ्यायचे की पूर्वीसारखे परदेशातून आणायचे. आणि आज नेमका हा गोंधळ!" ते आईकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला, आणि त्यामुळेच तो जास्त भीतिदायक वाटला. "ताई, खरं सांगा. आत पाणी नेलं होतंत का? तहान लागते, मला माहीत आहे. चोरून बाटली नेली, पाणी सांडलं, सेल बिघडले. आणि ते कळलं म्हणून ट्रे लपवलात."

"नाही, साहेब! माझ्या मुलांची शपथ!"

मुंगीला राहवलं नाही. आई किती तहानलेली येते, ते या लोकांना कुठे माहीत होतं?

"माझी आई आत पाणी पीत नाही!" ती उठून उभी राहिली. "ती रोज घरी आल्या आल्या अख्खा पेला पिते. रोज! फक्त परवा..."

ती थांबली. पण शब्द तोंडातून सुटला होता.

"परवा काय?" बंबबाईंनी विचारलं.

"परवा तिने पाणी मागितलंच नाही," मुंगी पुटपुटली.

साहेब झटकन उठले. "ऐकलंत? परवा हिला तहानच नव्हती! का नव्हती? आत पाणी प्यायली होती म्हणून!"

आईने मुंगीकडे पाहिलं. रागाने नव्हे. पण मुंगीला कळून चुकलं. आपल्याच तोंडाने आपण आईला बुडवलं होतं.

५

मग बंबबाई उठल्या आणि खाली वाकून त्यांनी मुंगीचा चेहरा वर केला.

"रडू नकोस. खरं बोललेलं फुकट जात नाही, फक्त कधीकधी ते पुरं व्हायला वेळ लागतो. आपण पुरं करू या." मग त्या पानाकाकांकडे वळल्या. "तुम्ही परवा दुपारी कोरड्या खोलीत होतात?"

"होतो. यंत्राचा पट्टा बसवत होतो."

"संध्याकाळी ओठ फुटले होते?"

पानाकाकांनी ओठांवरून बोट फिरवलं. "फुटले नव्हते खरे. बायको म्हणालीसुद्धा, आज मलम नको का."

"आणि तुम्ही?"

भिंगकाकांनी चष्मा काढला. "मी रोज बाहेर आलो की आधी नळाला तोंड लावतो. परवा..." ते गडबडले. "परवा नाही लावलं. मला वाटलं, वय झालं, तहान कमी झाली."

"तिघांनाही तहान नाही," बंबबाई म्हणाल्या. "एक बाटली चोरून नेली तर एकाची तहान भागेल. बाकीच्यांचे ओठ कसे मऊ राहिले? या ताई पाणी प्यायल्या नाहीत. त्या दुपारी ती खोलीच पाणी प्यायली होती."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी दोन्ही दारं एकदम उघडी ठेवली आणि आत आठांपेक्षा खूप जास्त माणसं श्वास घेत उभी होती."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. गार हवेतही त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"हे ठीक आहे," ते म्हणाले. "पण ट्रे कुठे आहे ते अजून कोणाला माहीत नाही."

आणि दाराबाहेरून एक माणूस धावत आला. "बाई, सगळीकडे बघितलं. गोदाम, छत, गटारं, सगळं. ट्रे नाही."

६

बंबबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. "ज्याने नेला त्याला सेल विकायचे नव्हते, लपवायचे होते. म्हणजे तो आपल्यातलाच. त्याला आगीची भीती होती. मग अशा माणसाने फुगलेले सेल कशात ठेवले असते?"

"वाळूत," भिंगकाका, पानाकाका आणि आई एकदमच म्हणाले. कामावर आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तेच शिकवत. सेल पेटला, तर वाळू.

"आगीसाठीच्या वाळूच्या लाल बादल्या बघितल्या?"

"सगळ्या भरलेल्या, जागच्या जागी," तो माणूस म्हणाला.

वाळू. मुंगीच्या डोक्यात काहीतरी हललं. तिने डोळे मिटले, आणि तिला वेटोळं घालून झोपलेली मांजर दिसली.

मुंग्या चावतात. चावऱ्या मुंग्या असलेल्या वाळूत मांजर झोपेल? एक क्षणही नाही. म्हणजे वाळूत मुंग्या नव्हत्याच. मग मुंग्या आहेत असं कोणी का सांगावं? मुलं तिथे जाऊ नयेत म्हणून. आणि मांजर गरम नळ सोडून त्या सावलीतल्या गार वाळूत का गेली?

वाळू गार नव्हती म्हणून.

"बाई," मुंगी म्हणाली. "आमच्या हौदातली वाळू गरम आहे. मांजर तिथे ऊब घेत होती. आणि साहेब म्हणाले तिथे मुंग्या आहेत, पण मुंग्या नाहीत."

सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी मुलांना बाहेर सोडू नका म्हणून सांगितलंय," ते कसेबसे म्हणाले. "ती सगळी आत आहेत. कोणाला काही होणार नाही. मी स्वतः सांगितलंय."

तेवढ्यात मधल्या दारात मावशी आल्या. हात कोपरापर्यंत ओले, हातात रिकामी बादली, चेहरा हसरा.

"साहेब, काळजी नको हं! हौदात चार बादल्या पाणी ओतलंय, आता मुंग्या राहतात कशाला! पोरांना सोडतेय आता खेळायला."

७

ओल्या वाळूतून वीज वाट काढते. फुगलेल्या, दुखावलेल्या सेलांना एवढं पुरतं.

"मुलांना बाहेर काढा! पुढच्या दाराने!" बंबबाई ओरडल्या.

मावशींच्या हातून बादली पडली. आई धावली, पानाकाका धावले. दोन-दोन मुलं काखेत घेऊन लोक पुढच्या अंगणात पळाले. मावशी बोटाने डोकी मोजत होत्या. पुन्हा मोजलं. पुन्हा.

"बटण," त्या म्हणाल्या. "बटण नाही."

तो मागच्या दारात होता. हातात लाल फावडं, समोर हौद. हौदाच्या कोपऱ्यातून धुराची बारीक दोरी वर चढत होती. शेपूट फुलवलेली मांजर भिंतीवर उभी राहून फिस्कारत होती, आणि बटण तिला हाका मारत एकएक पाऊल पुढे टाकत होता.

आई त्याच्याकडे धावणार, एवढ्यात मुंगीने तिचा पदर धरला. बटणचं तिला सगळं माहीत होतं. कोणी मागे धावलं की त्याला तो खेळ वाटायचा, आणि तो पुढेच पळायचा.

मुंगी दारातच खाली बसली. आवाज तिने रोजच्यासारखा ठेवला.

"बटण, आईला तहान लागलीय. पेला कोण देणार? मी देऊ?"

"मी!" बटण गर्रकन वळला. "तू नाही, मी!" फावडं टाकून तो धावत आला आणि आईने त्याला उचललं.

ती तिघं दारापासून लांब जातात न जातात तोच मागे सापासारखा फुत्कार झाला. वाळू उडाली. पांढरा धूर, त्यात निळसर जाळ, एक, मग दुसरा, मग किती ते कळेना. प्लास्टिकची घसरगुंडी मेणासारखी वाकली. खिडकीची काच तडकली, जिथे सकाळी मुंगी उभी होती तीच.

८

हौदाच्या जाड भिंतींनी आग कोंडून धरली आणि बंबबाईंच्या माणसांनी ती विझवली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण अंगणात एकही मूल मोठ्याने रडत नव्हतं. घाबरलेली मुलं कशी गप्प होतात, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं.

साहेब पायरीवर बसले होते. कोणी विचारायची वाट त्यांनी पाहिली नाही.

"परवा बस कंपनीचे लोक आले होते. सगळ्यांना कोरडी खोली आतून बघायची होती, फोटो काढायचे होते. गोदामातून जास्तीचे झगे आणले. दोन्ही दारं एकदम उघडणारी किल्ली माझ्याकडेच असते. वाटलं, पाच मिनिटांनी काय होतंय. काल ट्रे फुगलेला दिसला. आज तो त्यांच्या नजरेला पडला असता, तर सगळं संपलं असतं. इतक्या वर्षांची मेहनत, इतक्या जणांची पोटं. आज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी टॉवेलांच्या ढकलगाडीतून मीच नेला. वाळूत सुरक्षित राहील असं वाटलं. निर्णय झाला की काढणार होतो."

"आणि माझं नाव पुढे केलंत," आई म्हणाली.



बस कंपनीची माणसं तोवर फाटकाशी येऊन उभी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांतल्या पांढऱ्या केसांच्या बाई पुढे आल्या.

"आत जाण्याचा हट्ट आमचाच होता," त्या म्हणाल्या. "आमचे श्वास आहेत त्या सेलांमध्ये. आज मी होकार देत नाही. जे बघितलं, त्यानंतर आमच्या बसमध्ये माणसं बसवायची म्हणजे छातीत धडकी भरते. पण नकारही देत नाही. पुन्हा बनवा. आठच माणसं. आम्ही काचेबाहेरून बघू, आणि मुक्काम पुरा होईपर्यंत थांबू."

साहेबांच्या हातून किल्ल्या गेल्या. दोन्ही दारं उघडणारी ती किल्ली बंबबाईंनी पानाकाकांकडून सगळ्यांसमोर कापून घेतली. पानाकाका त्यानंतर दुसऱ्या नोकरीबद्दल काही बोलले नाहीत.

कोरडी खोली पुन्हा सुकवायला बरेच दिवस गेले. मग एका सकाळी आई कामावर परत गेली. मुंगीचा दिवस काही केल्या सरेना. खोली खरंच सुकली असेल? की कुठल्याशा कोपऱ्यात कोणाचा तरी श्वास अजून दडून बसला असेल? बटण झोपला तेव्हा तिने दोनदा वाकून त्याचं अंथरूण हाताने चाचपून पाहिलं. गार होतं.

संध्याकाळी पावलं वाजली. मुंगीने पेला भरला, पण नेहमीसारखा पुढे केला नाही. दोन्ही हातांनी पाठीमागे धरून ती दारात उभी राहिली. आईच्या ओठांकडे बघत राहिली.

आई उंबऱ्यात थांबली. ओठ पांढरे पडले होते, मधोमध एक बारीक चीर. तिने पायातलं काढलं नाही, पिशवी खाली ठेवली नाही, काही बोलायलाही तिचं तोंड उघडेना. तिने नुसता हात पुढे केला.

मुंगीने पेला दिला. आईने तो एका दमात संपवला आणि पुन्हा हात पुढे केला.

तेव्हा मुंगी हसली, आणि दुसरा पेला भरायला आत पळाली.